एकाच स्पर्धेतील दोन हँडबॉल: अँडरसनला शिक्षा झाली, मग कुकुरेयाला का नाही?

कृष्णाकाठ (सांगली)

गेल्या आठवड्यात विश्रामबागेजवळच्या एका मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. नेहमीचे पंच आजारी पडल्यामुळे ऐनवेळी शिट्टी माझ्या हातात आली. शेवटची पाचेक मिनिटे राहिली असताना डीच्या कडेवरून मारलेला जोरदार फटका मागे धावत येणाऱ्या बचावपटूच्या कोपराखाली लागला. हात खाली सोडलेला, अंगालगत आणि किंचित मागे गेलेला आहे असे मला दिसले आणि मी खेळ चालू ठेवला.

सामना संपल्यावर हरलेल्या संघातील एका मुलाच्या वडिलांनी मोबाइलवर युरो २०२४ (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) मधील जर्मनी-डेन्मार्क सामन्याची चित्रफीत माझ्यासमोर धरली. "हे बघा सर, नुसता हाताला चाटून गेला तरी पेनल्टी दिली." त्यांचे बोलणे संपायच्या आत दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलवर त्याच स्पर्धेतील जर्मनी-स्पेन सामना काढला. "आणि हे बघा, गोलाकडे निघालेला फटका हाताने अडला तरी दिली नाही." स्पर्धा एकच, दोन्ही सामन्यांचे पंच इंग्लंडचे, आणि दोन्ही सामन्यांत अंतर अवघे सहा दिवसांचे. माझ्याकडे उत्तर नव्हते. उजेड कमी झाला आहे असे काहीतरी पुटपुटत मी गोलाची जाळी सोडवायला गेलो.

ज्यांना नेमके आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २९ जून २०२४ रोजी डॉर्टमुंड येथे जर्मनीच्या डेव्हिड राउमने मारलेला क्रॉस (कडेवरून गोलासमोर टाकलेला चेंडू) डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनच्या हाताला लागला, पंच मायकेल ऑलिव्हर यांना पडद्यावर दृश्य पाहण्यासाठी बोलावण्यात आले, त्यांनी पेनल्टी दिली आणि जर्मनीच्या काई हावर्ट्झने ५३व्या मिनिटाला गोल केला. ५ जुलै रोजी स्टुटगार्ट येथील उपांत्यपूर्व सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना, जादा वेळेतील १०६व्या मिनिटाला जर्मनीच्या जमाल मुसियालाचा फटका स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या डाव्या हातावर आदळला. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ नकार दर्शवला, व्हीएआर (चित्रफीत पाहून पंचांना मदत करणारे सहायक पंच) कक्षात बसलेल्या स्टुअर्ट अॅटवेल यांनी हस्तक्षेप केला नाही, आणि ११९व्या मिनिटाला स्पेनच्या मिकेल मेरिनोने हेडरवर गोल करून जर्मनीला त्यांच्याच घरच्या स्पर्धेतून बाहेर काढले.

माझा प्रश्न असा की, हे दोन निर्णय एकाच नियमात बसतात का? बसत असतील तर तो नियम बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना समजेल अशा मराठीत कसा सांगावा?

शिट्टीवाला (सातारा)

आपला प्रश्न योग्य आहे आणि आपण जाळी सोडवायला गेलात हेही योग्यच केलेत, कारण सामन्यानंतर मोबाइलवर चाललेल्या वादात आजवर कोणताही पंच जिंकलेला नाही. मी पंधरा-सोळा वर्षे शालेय आणि जिल्हा पातळीवर शिट्टी वाजवली आहे, त्या अनुभवावर लिहितो.

सर्वप्रथम, 'हाताला लागला की हँड' ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत नियमात कधीच नव्हती. फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार चेंडू हाताला लागणे हा तीनच परिस्थितींत गुन्हा ठरतो. खेळाडूने मुद्दाम हात लावला, म्हणजे हात चेंडूकडे नेला, तर गुन्हा. हाताने शरीराचा आकार अनैसर्गिकपणे मोठा केलेला असताना चेंडू लागला, तरीही गुन्हा. आणि स्वतःच्या हाताला लागून चेंडू थेट गोलात गेला, किंवा हाताला लागल्यानंतर त्याच खेळाडूने लगेच गोल केला, तर तो अपघात असला तरी गोल रद्द. हात कोठून सुरू होतो याचीही व्याख्या आहे: काखेच्या तळापासून खाली. त्याच्या वरचा खांदा हा हात धरला जात नाही.

सगळा गोंधळ दुसऱ्या परिस्थितीत आहे. 'अनैसर्गिक' म्हणजे काय? नियम म्हणतो की, त्या क्षणी खेळाडू जी हालचाल करत होता तिच्यामुळे हात तेथे जाणे साहजिक असेल, किंवा त्या हालचालीने त्याचे समर्थन होत असेल, तर तो नैसर्गिक. धावताना हात हलणारच, उडी मारताना वर जाणारच. पाठीमागे हात बांधून धावणारा बचावपटू हा खरे तर सर्वांत अनैसर्गिक प्राणी आहे, पण या नियमाच्या धास्तीने आता मुलेही तसे धावू लागली आहेत. मात्र हालचालीला आवश्यक नसताना हात बाहेर काढला, तर चेंडू लागण्याची जोखीम खेळाडूने स्वतः पत्करली असे मानले जाते.

या कसोटीवर अँडरसनचा हात शरीरापासून सुटलेला आणि क्रॉसच्या वाटेत होता, म्हणून शिक्षा झाली. ती मला कठोर वाटते, कारण राउम त्याच्या अगदी जवळ होता, पण नियमाबाहेरची वाटत नाही. त्या स्पर्धेतील चेंडूत सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा सेन्सर होता आणि त्याचा आलेख पडद्यावर दाखवल्यामुळे अनेकांना वाटले की यंत्रानेच पेनल्टी दिली. सेन्सर फक्त चेंडू लागला की नाही एवढेच सांगतो; हात तेथे का होता हे त्याला कळत नाही. कुकुरेयाचा हात खाली होता, बाजूला होता आणि तो मागे जात होता. स्पर्धेपूर्वी युएफाचे (युरोपच्या फुटबॉल महासंघाचे) पंचप्रमुख रोबेर्तो रोसेट्टी यांनी दिलेल्या मार्गदर्शनाचा रोखही असाच होता की, हात अंगाजवळ आणि उभा खाली असेल तर शिक्षा करू नये. टेलर यांनी जे केले ते त्या मार्गदर्शनाला धरून होते, असे माझे मत आहे.

मिरजेचा बव्हेरियन

शिट्टीवाला सरांविषयी पूर्ण आदर राखून मी असहमती नोंदवतो. मी जर्मनीचा समर्थक आहे हे नावावरून कळतेच, तेव्हा माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचावे. परंतु केवळ पराभवाच्या दुःखातून मी हे लिहीत नाही.

"हात अंगालगत होता" हे वाक्य त्या रात्रीपासून मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की, ते सर्वजण एकच चित्र पाहत होते की नाही अशी शंका येते. हात खाली होता हे खरे आहे. अंगाला चिकटलेला नव्हता हेही तितकेच खरे आहे. कंबर आणि हात यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते, आणि तो हात तेथे नसता तर चेंडू पुढे गोलाच्या दिशेने गेला असता. अँडरसनच्या वेळी अडला तो क्रॉस होता. त्यावर पुढे गोल झाला असता की नाही हे कोणीही सांगू शकत नाही. मुसियालाचा फटका सरळ गोलाकडे निघालेला होता. ज्या हाताने कमी नुकसान केले त्याला शिक्षा आणि ज्याने अधिक केले तो निर्दोष, हा न्याय सामान्य प्रेक्षकाच्या गळी कसा उतरावा?

शिवाय हे आता केवळ आमचे रडगाणे राहिलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द युएफाच्या पंच समितीचे मत बाहेर आले. गोलाकडे जाणारा फटका हाताने अडवला गेल्यास अधिक कठोर राहावे आणि हात शरीराच्या अगदी जवळ किंवा शरीराला टेकलेला नसेल तर बहुतेक वेळा शिक्षा द्यावी, असे सांगून समितीने कुकुरेयाच्या बाबतीत पेनल्टी द्यायला हवी होती असे मान्य केले. दोन महिन्यांनी आलेल्या या कबुलीने काय साधले? जर्मनीच्या टोनी क्रूसच्या कारकिर्दीतला तो शेवटचा सामना ठरला आणि तो निकाल काही बदलणार नव्हता.

माझा खरा आक्षेप टेलर यांच्यावर नाहीच. मैदानावर, धावपळीत, एका कोनातून त्यांना जे दिसले ते त्यांनी ठरवले. ऑलिव्हर यांना पडद्याकडे जाण्याची संधी मिळाली, टेलर यांना मिळाली नाही. स्वतः पाहून "मला पेनल्टी वाटत नाही" असे त्यांनी म्हटले असते तर मी चरफडलो असतो, पण ऐकून घेतले असते.

आणखी एक गोष्ट मात्र आमच्या बाजूने चुकली. म्युनिकच्या उपांत्य सामन्यात कुकुरेयाच्या पायात चेंडू गेला की प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. त्याने निर्णय दिलेला नव्हता. पुढे अंतिम सामन्यात ८६व्या मिनिटाला स्पेनच्या ओयारसाबालच्या विजयी गोलासाठी पास त्यानेच दिला, तेव्हा मला राग यायला हवा होता, पण खरे सांगायचे तर हसू आले.

पॅडवाला (सांगली)

मी मूळचा क्रिकेटचा माणूस. विजय हजारे यांच्या गावात जन्मल्यावर दुसरे काय होणार. म्हणून थोडे बाहेरून विचारतो.

जर्मनीचे प्रशिक्षक युलियन नागल्समान त्या सामन्यानंतर अशा आशयाचे बोलले होते की, चेंडू कोठे चालला होता याचा विचार नियमात झाला पाहिजे आणि आजच्या काळात ते गणित यंत्राला सहज करता यावे. म्हणजे त्यांना हँडबॉलचे पायचीत करायचे आहे. पायचीतमध्ये आपण हेच पाहतो: चेंडू कोठे पडला, पॅडला कोठे लागला आणि पॅड नसते तर यष्टीवर गेला असता का. त्यातही चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागत असेल तर पंचांनी मैदानावर दिलेला निर्णय कायम राहतो. त्यावर कितीही भांडणे झाली तरी रेषा कोठे आहे हे सगळ्यांना माहीत असते. फुटबॉलमध्ये व्हीएआरने 'स्पष्ट आणि उघड चूक' असेल तरच बोलायचे, अशी अट आहे असे वाचले. स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट, याला असे काही माप आहे का?

एक अडचण मात्र मला स्वतःलाच दिसते. पॅड आणि यष्टी यांच्यामध्ये कोणी उभे नसते. मुसियालाच्या फटक्यापुढे गोलरक्षक उनाई सिमोन उभा होता. त्याने तो अडवला असता की नाही, याचा अंदाज कोणते यंत्र बांधणार?

कोयनाकाठ (कराड)

चर्चेत थोडी भर घालतो. नियम अगदी स्वच्छ असला आणि निर्णय शंभर टक्के बरोबर असला, तरी मन शांत होईलच असे नाही. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी उरुग्वेच्या लुइस सुआरेझने गोलरेषेवर उभे राहून घानाचा हेडर दोन्ही हातांनी परतवला. पंचांनी लाल कार्ड दाखवले, पेनल्टी दिली, म्हणजे पुस्तकात होते ते सर्व केले. असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि उरुग्वेने पुढे टायब्रेकरमध्ये ४-२ असा विजय मिळवला. घानाच्या लोकांना आजही त्या निर्णयाबद्दल तक्रार नाही, तरी त्या हाताबद्दल आहे. याउलट १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसमध्ये विश्वचषक पात्रता सामन्यात फ्रान्सच्या थिएरी आंरीने हाताने चेंडू सावरून गालासला पास दिला आणि आयर्लंडचा विश्वचषक हुकला, तेव्हा व्हीएआर नव्हते आणि पंचांना ते दिसलेही नाही.

आपल्याला तर तेवढे दूर जायचीही गरज नाही. जर्मनी-स्पेन सामन्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ११ जून २०२४ रोजी, कतारविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात आपण १-० असे पुढे असताना गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून गोल केला गेला आणि तो मान्यही झाला. तो हँडबॉल नव्हता आणि तेथे व्हीएआरही नव्हते. आपण २-१ असे हरलो आणि पात्रतेच्या पुढच्या फेरीची वाट बंद झाली. तेव्हापासून व्हीएआरला शिव्या देणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही.

शिट्टीवाला (सातारा)

मिरजकरांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे भाग आहे, आणि त्यातील एक मला मान्य करावा लागेल.

चेंडू कोठे चालला होता, हा प्रश्न बाराव्या नियमात हँडबॉलचा गुन्हा ठरवताना येतच नाही. तो येतो कार्ड ठरवताना. हात मुद्दाम लावून निश्चित गोल अडवला तर लाल कार्ड. मुद्दाम नसेल पण गुन्हा असेल आणि पेनल्टी दिली गेली, तर २०२४-२५ पासून पिवळे. म्हणजे नियमाने आधी हाताची स्थिती पाहायची आणि नंतर परिणाम पाहायचा, असा क्रम लावलेला आहे. युएफाच्या समितीने सप्टेंबरमध्ये जे म्हटले त्यात हा क्रम किंचित बदलतो: फटका गोलाकडे असेल तर हाताच्या स्थितीकडेच अधिक कडक नजरेने पाहा. हे चांगले की वाईट हा वेगळा विषय. पण नियमाचे शब्द तेच ठेवून मार्गदर्शनाने अर्थ हलवला, की एकाच चित्राला जूनमध्ये एक उत्तर आणि सप्टेंबरमध्ये दुसरे उत्तर मिळते. टेलर या दोहोंच्या मध्ये सापडले, असे मला वाटते. पॅडवाला यांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे: 'स्पष्ट आणि उघड' याला कोणतेही माप नाही. पंचाला हात नीट दिसला होता आणि त्याने तसे खुणेने सांगितले, एवढ्यावर व्हीएआर कक्ष गप्प राहू शकतो.

पडद्याकडे बोलावायला हवे होते, हे मात्र मान्य. उपांत्यपूर्व सामना, जादा वेळ, गोलाकडे जाणारा फटका. एवढे सगळे एकत्र आल्यावर पंचाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देण्यात कोणाचेच काही गेले नसते. तरीही पेनल्टी म्हणजे गोल नव्हे, हे घानाच्या उदाहरणावरून कराडकरांनी आपल्याला आठवण करून दिलेच आहे. त्या चालीत आधी जर्मनीचा फुलक्रुग ऑफसाइड होता की नाही यावरही नंतर बरीच चर्चा झाली होती. पेनल्टी दिली असती तर आधी तेही तपासले गेले असते.

आता आपल्या सांगलीच्या सामन्याविषयी. आपण वर्णन केले तसा हात असेल, तर आपला निर्णय मला योग्य वाटतो. पण पालकांना सांगताना 'नैसर्गिक' हा शब्द वापरू नका, कारण तो प्रत्येकाच्या मुलासाठी वेगळा असतो. मी मुलांना असे सांगतो: "हात तिथे नसता तर तुला पळता आले नसते का, उडी मारता आली नसती का? आली असती, तर हात आत ठेवायचा." घसरून पडताना अंगाखाली टेकलेल्या हातालाही मी शिक्षा करत नाही. २०१९ च्या मजकुरात ते स्पष्ट लिहिलेले होते. पुढे मजकूर आटोपशीर करताना ते वाक्य वगळले गेले, पण पंच अजूनही तसाच अर्थ लावतात. हे सर्व नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना आणि शक्य असल्यास प्रशिक्षकांना एकत्र उभे करून सांगावे. सामन्यानंतर तेच शब्द सबब वाटतात.

मिरजेचा बव्हेरियन

पडद्याचा मुद्दा मान्य झाला, एवढ्यावर मी आज समाधानी आहे. फुलक्रुगच्या ऑफसाइडबद्दल मात्र मी काहीही वाचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. शिट्टीवाला सरांचा "हात तिथे नसता तर पळता आले नसते का" हा प्रश्न मी काल त्या वडिलांना विचारला. त्यांनी आपल्या मुलाला अंगणात दोनदा धावायला लावले, एकदा हात मोकळे सोडून आणि एकदा मागे बांधून, आणि दुसऱ्या वेळी तो वळताना पडता पडता वाचला. "मग तो अँडरसन काय करत होता?" असे त्यांनी विचारले. त्याचा हात वळण्यासाठी लागेल त्याहून बाहेर गेलेला होता, असे मी म्हणालो. त्यांना ते पूर्ण पटले नाही, पण मोबाइल खिशातच राहिला. मी त्यांना गमतीने एवढेच सांगितले की, डेन्मार्कच्या प्रशिक्षकांनीही त्या सामन्यानंतर पत्रकारांसमोर मोबाइलवरचे चित्र धरले होते. ते मात्र काही मिनिटे आधी रद्द झालेल्या गोलाच्या ऑफसाइडचे होते.

अंतिम सामना येत्या रविवारी आहे. नेहमीचे पंच बरे झाले आहेत आणि नाणेफेकीच्या वेळी हँडबॉलबद्दल दोन मिनिटे बोलण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मी झेंडा घेऊन रेषेवर असेन. एक शंका तेवढी उरली आहे. हात काखेच्या तळापासून सुरू होतो असे सांगितल्यावर एका मुलाने विचारले की, त्यांच्या संघाच्या जर्सीची निळी बाही कोपरापर्यंत येते, तर निळ्यावर लागला तर चालेल का? बाही कितीही लांब असो, मोजायचे काखेपासूनच, असे मी सांगितले आहे. चुकले असेल तर रविवारच्या आत सांगावे.

शिट्टीवाला (सातारा)

बरोबर सांगितलेत. बाहीवर जाऊ नये.